निळ्या चेंडूवरची दुपार

परवा निगडीला बसस्थानकाजवळच्या एका खेळसाहित्याच्या दुकानात गेले होते. भाचीने योगासनांसाठी चटई सांगितली होती. दुकानदार पायाने पंप मारत एक भलामोठा चेंडू फुगवत होता. आधी सुरकुतलेला, पोटात पाय घेऊन निजलेल्या प्राण्यासारखा तो निळा गोळा हळूहळू ताणला गेला, गुळगुळीत झाला, आणि दुकानाच्या दारात येणारी दुपारची तिरीप त्याच्यावर पसरली. नव्या रबराचा उग्र वास आणि घड्या चिकटू नयेत म्हणून आत शिंपडलेल्या पावडरीचा मंद वास एकमेकांत मिसळून आला, आणि मी नकळत पुढे होऊन त्याच्यावर तळहात टेकवला. "पाठीसाठी हवाय का मॅडम?" त्याने विचारलं. मी नको म्हटलं, पण हात काढून घ्यायला मला जरा उशीरच झाला.

सात-आठ वर्षं झाली असतील. आम्ही तेव्हा रहाटणीत राहत होतो. तीन मजल्यांची इमारत, खाली दुचाक्यांची दाटी, आणि संध्याकाळ झाली की प्रत्येक दारातून वेगवेगळ्या गावच्या फोडणीचा वास. आमच्या खालच्या मजल्यावर लातूरकडचं एक जोडपं भाड्याने राहायला आलं. तो चाकणला मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत, तीन पाळ्यांत फिरणारा. ती तेवीस-चोवीस वर्षांची, सावळी, बोलताना खाली बघणारी आणि बोलून झालं की एकदम वर बघून हसणारी. गावाहून आणलेलं ज्वारीचं पीठ संपत आलं की तिचा चेहरा उतरायचा. गरम भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी ताटलीत झाकून ती वर यायची आणि माझ्या गॅलरीत बसायची, कारण वारा आमच्याकडे जास्त. मी आकुर्डीच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होते. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी त्या वाऱ्यात बसायचो. ती मला काकू म्हणायची.

तिला दिवस गेले तेव्हा मी आनंदले, आणि त्याच वेळी थोडी मागेही सरले. हे मागे सरणं मला सवयीचं होतं. माझ्या पोटात तीनदा जीव रुजला आणि तीनदा, चौथा महिना लागायच्या आत, निघून गेला. पुढे डॉक्टरही थांबले आणि आम्हीही थांबलो. मला त्यावरून कोणी कधी टोचून बोललं नाही. बोलायची गरजच पडत नाही. डोहाळजेवणात ओटी भरायला एकेका बाईला हाक मारली जाते, त्यात एक नाव राहून जातं, इतकंच. मग मीच आधीपासून स्वयंपाकघरात पुऱ्या तळायला उभी राहू लागले. कोणाला अवघडल्यासारखं व्हायला नको, आणि मलाही. तिच्या डोहाळजेवणातही मी पुऱ्याच तळल्या. तिने दोनदा आत डोकावून बोलावलं, मी दोन्ही वेळा हातातला झारा दाखवला.

तिची आई आठ दिवसांनी गावाहून यायची होती. पण बाळाला आठ दिवस दम निघाला नाही. एका सकाळी आठच्या सुमारास दारावर थाप पडली. दार उघडलं तर ती जिन्याचा कठडा धरून उभी. एक हात पोटावर असायला हवा होता, तो पाठीवर होता. "काकू, पोट न्हाई, पाठच दुखायलीय. मोडायलीय जणू," ती म्हणाली. नवरा पहिल्या पाळीला गेलेला. कंपनीत आत जाताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, त्यामुळे फोन नुसता वाजत होता. माझ्या मनात पहिला विचार काय आला ते सांगायला आजही लाज वाटते. मला वाटलं, समोरच्या वहिनींना हाक मारावी. त्यांना दोन मुलं आहेत. अशा वेळी बरोबर त्यांनी जावं, मी नाही. त्यांच्या दाराला कुलूप होतं. मी आमच्या दाराला कुलूप लावलं आणि रिक्षा बोलावली.

तिचं नाव घातलेलं प्रसूतिगृह आकुर्डीत होतं. दोन मजले, खाली औषधांचं दुकान, वर जायला चढता रस्ता. डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या, कमी बोलणाऱ्या. आणि तिथे त्या सिस्टर होत्या, ज्यांच्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, केसांचा घट्ट अंबाडा, पांढऱ्या साडीवर पांढराच कोट. चाकणच्या अलीकडच्या एका जुन्या गावातल्या. ज्या जमिनीवर त्यांच्या घरचे कांदा लावायचे, तिथे आता कंपनीचं कुंपण होतं, असं त्या नंतर सहज बोलता बोलता म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती, नुसता पत्ता सांगितल्यासारखं.

दुपारपर्यंत सगळं ठीक चाललं आणि मग थांबलं. कळा येत होत्या, पण त्यांचा उपयोग होत नव्हता. डॉक्टरबाईंनी तपासलं आणि तिला समजेल अशा शब्दांत सांगितलं, "बाळाचं डोकं खाली आहे, पण पाठ तुझ्या पाठीला टेकली आहे. तोंड पुढच्या बाजूला. म्हणून डोकं नीट बसत नाही आणि सगळं दुखणं पाठीत येतंय. बाळाचे ठोके छान आहेत, त्यामुळे घाई नाही. चार वाजेपर्यंत वाट बघू. नाहीच सरकलं तर सिझर करू."

"आत्ताच करा ना हो मॅडम," ती रडत म्हणाली. "माझ्यानं व्हईना."

डॉक्टरबाई तिच्या कपाळावर हात ठेवून बाहेर गेल्या. सिस्टर मात्र हलल्या नाहीत. "करतील की," त्या म्हणाल्या. "लागलं तर करतील. त्यात कमीपना न्हाई. पन तवर छताकडं बघत पडून ऱ्हायचं कशाला? लेकरू आत वळाया बघतंय, त्याला जरा जागा करून देऊ. ऊठ बाय."

त्यांनी कोटाच्या खिशातून एक हिरवी काचेची बांगडी काढली. कामावर असताना बांगड्या खिशात ठेवायची त्यांची सवय. आपला पंजा ताठ ठेवून त्यांनी ती घालायचा प्रयत्न केला. बांगडी अंगठ्याच्या उंचवट्यावर अडली. मग त्यांनी अंगठा आत दुमडला, पंजा जरासा तिरका केला, आणि बांगडी सरकन मनगटावर उतरली. "कासाराकडं भरतीस न्हवं बांगड्या? बांगडी तेवढीच, हात तेवढाच. वळवला की जातो. तुझं लेकरू बी तसंच वळायचं." ती मुलगी रडता रडता त्या बांगडीकडे बघत राहिली. शरीररचनेची चित्रं असलेली किती पुस्तकं मी ग्रंथालयात हाताळली होती. पण जन्म म्हणजे काय घडतं हे मला त्या एका बांगडीने कळलं.

खोलीच्या कोपऱ्यात, ऑक्सिजनच्या नळकांड्यामागे, एक मोठा निळा चेंडू होता. डॉक्टरबाईंनी कुठल्याशा प्रशिक्षणानंतर आणलेला. त्याच्यावर कापसाची खोकी रचून ठेवली होती. सिस्टरनी खोकी उतरवली, चेंडू जंतुनाशकाने पुसला, त्याच्यावर स्वच्छ चादर घातली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तुमी कोन हिच्या? आई का सासू?"

"शेजारी आहे. वर राहते."

"मग या. हिच्या मागं स्टूल घेऊन बसा. मागून धरायला मानूस लागतं."

मी जागची हलले नाही. मग त्यांच्या जवळ जाऊन, त्या मुलीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "सिस्टर, मला मूल नाही. म्हणजे... राहिलं नाही. माझ्याऐवजी दुसऱ्या कोणाला बोलावू का?"

त्या चादरीच्या सुरकुत्या काढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "हात हायत न्हवं?"

"आहेत."

"मग झालं. या."

इतकंच. इतक्या वर्षांत मला कोणी इतक्या साध्या शब्दांत कुठल्याही खोलीत बोलावलं नव्हतं. मी साडीचा पदर खोचला आणि स्टूल ओढून बसले.

चेंडूवर बसायला ती घाबरली. तो खाली दबायचा, मागे-पुढे सरकायचा. "पाय रुंद ठेव. टाचा टेकव. गुडघ्यापरीस कंबर वर पायजे," सिस्टर सांगत होत्या. मी मागून दोन्ही गुडघ्यांमध्ये चेंडू अडवला आणि तिची कंबर धरली. "आता जात्यावर बसल्यासारखी फिरव कंबर, गोल. जातं बघितलंस का कवा?"

"हाय गावाकडं. कोपऱ्यात पडलेलं," ती म्हणाली, आणि त्या अवस्थेतही तिच्या ओठांवर हसू येऊन गेलं.

सिस्टरनी माझा हात धरून तिच्या माकडहाडाच्या वर नेमक्या जागी ठेवला. "हितं. बोटानं न्हाई, तळव्यानं. कळ आली की दाबायचं, गेली की सोडायचं. भ्यायचं न्हाई, जोर लावा." मी दाबलं. तिने सुस्कारा टाकला. थोड्या वेळाने मला एक नवल कळू लागलं: ती बोलायच्या आधी कळ माझ्या तळव्याला कळत होती. पाठीचे स्नायू आधी लांबून गोळा व्हायचे, मग टणक व्हायचे, मग थरथरायचे, आणि मग हळूहळू सुटायचे. तिच्या श्वासाबरोबर माझा श्वास चालू लागला. रस्त्यावरून बस जात होत्या, खालच्या दुकानात कोणी तरी सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालत होतं, आणि आम्ही दोघी एका चेंडूच्या आधाराने गोल गोल डुलत होतो.

तिथे बसल्या बसल्या मला माझे ते तिन्ही दिवस आठवले. तिन्हीदा मी उताणी पडून पंख्याकडे बघत होते. पंख्याच्या एका पात्यावर जळमट होतं, ते अजून डोळ्यांपुढे आहे. तिथल्या माणसांनी त्यांचं काम नीट केलं होतं. मला कोणाला दोष द्यायचा नाही. पण माझ्या पाठीवर कोणाचा हात होता का, हे मी त्या दुपारी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं, आणि आठवलं नाही. मग मी तिच्या पाठीवर जरा जास्त जोराने हात दाबला.

सिस्टर तिला एकाच ठिकाणी फार वेळ राहू देत नव्हत्या. थोडा वेळ चेंडूवर, मग खाली गादी घालून गुडघ्यांवर, छाती आणि हात चेंडूवर टाकून. "असं पोट लोंबतं सोडलं की लेकराला वळाया सोपं पडतं," त्या म्हणाल्या. मग उभं राहून एक पाय स्टुलावर, मग कुशीवर, दोन गुडघ्यांमध्ये जाड उशी. प्रत्येक वेळी त्या छोटं यंत्र पोटाला लावून बाळाचे ठोके ऐकायच्या, आणि खोलीत घोडा दौडत गेल्यासारखा आवाज भरायचा. एकदा, ती उजव्या कुशीवर असताना, तो घोडा मंदावला. सिस्टरचा चेहरा बदलला नाही, पण हात विजेसारखे चालले. तिला डाव्या कुशीवर वळवलं, डॉक्टरबाईंना हाक मारली, यंत्र लावून धरलं. ते काही क्षण माझ्या ओळखीचे होते. याच्यापुढे काय होतं ते माझ्या शरीराला पाठ होतं. मग ठोके परत आले, आधी चाचपडत, मग भरधाव. डॉक्टरबाई बराच वेळ ऐकत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चालू द्या. पण ही कूस नको."

तीन वाजले तरी फरक नव्हता. तिचा धीर सुटला. "काकू, मला घरी न्या," ती लहान मुलीसारखी म्हणाली. तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला. आई कळवल्याबरोबर सकाळीच एसटीत बसली होती, अजून नगरलाही पोचली नव्हती. लेकीला फोन हातात धरवेना, म्हणून मी तो तिच्या कानाशी धरला. पलीकडून गाडीच्या घरघरीतून आवाज आला, "बाई, कुनी हाय का गं तुझ्यापाशी?"

तिने डोळे मिटले. "हाय," ती म्हणाली. "काकू हायत."

पुन्हा चेंडूवर ओणवी झाली. पुन्हा कंबर फिरवणं, पुन्हा माझे तळवे. किती कळा आल्या आणि गेल्या कोण जाणे. आणि मग एक कळ आली, माझ्या हाताखाली तिची पाठ गोळा झाली, पण नेहमीसारखी दगड झाली नाही. तिने मान वर केली. चेहऱ्यावर दुखण्यापेक्षा आश्चर्य जास्त होतं. "काकू," ती म्हणाली, "पाठ सुटली."

सिस्टरनी दाराशी जाऊन डॉक्टरबाईंना बोलावलं. डॉक्टरबाईंनी तपासलं, आणि दिवसभरात पहिल्यांदा हसल्या. "वळलं की गं! आणि चांगलं खालीही सरकलंय." भिंतीवरच्या घड्याळात चार वाजायला दहा मिनिटं होती.

नवरा त्याच सुमाराला पोचला. पाळी सुटल्यावर फोन हातात आला होता, आणि चाकणच्या चौकातल्या वाहनांच्या रांगेत कंपनीची बस अडकली म्हणून तो मध्येच उतरून एका मित्राच्या गाडीवरून आला होता. राखाडी गणवेश, अंगाला यंत्रांच्या तेलाचा वास, पायात जाडजूड बूट. सिस्टरनी त्याला बूट काढायला लावले, कोपरापर्यंत हात धुवायला लावले, वर अंगरखा चढवला आणि आत घेतलं. मी उठू लागले. ती जागा आता त्याची होती, आणि मनातून मला ते जड गेलं, हेही खरं. पण तिने मागे न बघता माझं मनगट पकडलं.

"त्यो म्होरं बसू दे," सिस्टर म्हणाल्या. "तुमी हलू नका. आता मागचे हात बदलले तर तिची लय तुटंल."

तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. त्याने नुसतं आपलं कपाळ तिच्या कपाळाला टेकवलं. शेवटी ती डाव्या कुशीवर वळली, माझ्या छातीला पाठ लावून, आणि पाचच्या पुढे केव्हा तरी, खिडकीतून उतरतं ऊन येत असताना, मुलगी झाली. आधी नुसतं ओलं, निळसर मौन. मग एक रडणं, इतकं रागावलेलं की सिस्टर मोठ्याने हसल्या. बाळाला त्यांनी आईच्या छातीवर ठेवलं. तिच्या खांद्यावरून मला त्या बाळाची मिटलेली मूठ दिसत होती.

माझे हात बधिर झाले होते. बोटं उघडत नव्हती. सगळं आवरल्यावर सिस्टर माझ्याजवळ आल्या, माझे दोन्ही तळहात आपल्या हातांत घेतले आणि पिळल्यासारखे चोळू लागल्या. "उद्या लई दुखतील," त्या म्हणाल्या. "गरम पान्यात धरा." मला तेव्हा रडू आलं. त्यांनी चोळणं थांबवलं नाही आणि कारणही विचारलं नाही.

बारशाला तिच्या आईने मला पाळण्याच्या एका बाजूला उभं केलं. बाळ पाळण्याखालून माझ्या हातात आलं आणि वरून परत तिच्या हातात गेलं. घरात आलेल्या बायकांपैकी एकदोघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्या माउलीने पाहिलं नाही. "मी यस्टीत हुते तवा माझ्या लेकीला यांनी धरलंय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, आणि बाळाला कुंची घालू लागली. पुढच्या वर्षी तिसऱ्या मजल्यावर डोहाळजेवण होतं. हाक यायची वाट न बघता मी नारळ आणि खण घेऊन वर गेले. पुऱ्या दुसऱ्या कोणी तरी तळल्या.

सिस्टर मला त्यानंतर एकदाच भेटल्या, भाजीबाजारात, मेथीच्या जुड्या पारखताना. निवृत्त झाल्या होत्या. मी आनंदाने पुढे झाले, तो दिवस सांगितला, खूण सांगितली. त्या ऐकत होत्या, पण त्यांच्या डोळ्यांत ओळख उमटली नाही. "लेकरू बरं हाय न्हवं?" त्यांनी विचारलं. बरं आहे म्हटल्यावर समाधानाने मान हलवली आणि जुडी पिशवीत टाकली. क्षणभर मला वाईट वाटलं. घरी येता येता मात्र वाटलं, त्यांना आठवत नाही हेच बरोबर आहे. माझ्यासाठी जो आयुष्यातला एक दिवस होता, तो त्यांच्यासाठी कामाचा दिवस होता. आणि तसे दिवस त्यांनी किती बायकांना देऊन ठेवले असतील. ज्यांना मिळाले, त्यांनी ते सांभाळायचे.

त्या जोडप्याने पुढे कंपनीजवळ, चाकणला, स्वतःचं छोटं घर घेतलं. आम्हीही रहाटणी सोडली. काळ असा सगळ्यांना एकेका वळणावर उतरवत जातो, आणि आपण खिडकीतून हात हलवतो तोवर गाडी पुढे गेलेली असते. तरी वर्षातून दोनदा मी चाकणला जाते. मागच्या वेळी ती मुलगी, आता दुसरीत आहे, माझ्या शेजारी पाय हलवत बसली होती. शाळेत बाईंनी सांगितलं होतं, आपण जन्मलो त्या दिवसाची गोष्ट घरच्यांना विचारून या. आईला विचारून झालं होतं, बाबाला विचारून झालं होतं. आता माझी पाळी होती. वही उघडून, पेन्सिल धरून तिने विचारलं, "आणि आज्जी, तू काय केलंस?"

दुसरीतल्या वहीत मावेल असं काय सांगावं?

"मी आईला धरून बसले होते."

तिने तेवढं लिहून घेतलं. मग पेन्सिल थांबवून म्हणाली, "किती वेळ?"

"तू येईपर्यंत."

तिने तेही लिहिलं, खाली पूर्णविराम दिला, आणि वही मिटून खेळायला पळाली.